रोड्सचा तट आणि राजपुरीची कुलुपे

वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल या पट्ट्यातील सहल कंपन्यांच्या जाहिरातींवर नजर टाकली तर दुबई आणि सिंगापूरच्या जोडीला आता तुर्कस्तान व ग्रीसही आलेले दिसतात. निळा समुद्र, त्याला लागून दगडी तट, तटाच्या आत फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, असे ते चित्र असते. भूमध्य समुद्रातील रोड्स बेटावरचे जुने शहर हे अशा ठिकाणांपैकी सर्वांत नावाजलेले. आपल्या समाजातील कमावत्या कुटुंबांतूनही आता अशा सहलींची विचारणा होऊ लागली आहे. हलाल कमाईतून माणसाने जग पाहावे, यात गैर काही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तेथे जाऊन केवळ छायाचित्रे काढून येऊ नये. ते जुने शहर पोट कसे भरते, हेही पाहून यावे. कारण त्याच जातीची एक मालमत्ता आपल्या दारात पडून आहे आणि तिच्या अर्ध्या किल्ल्या नवी मुंबईतल्या कपाटांत आहेत.

प्रथम रोड्सविषयी. १३०९ पासून १५२२ पर्यंत हे शहर सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदारांच्या ताब्यात होते. सुमारे चार किलोमीटर लांबीचा तट, सरदारांच्या वाड्यांचा सरळ रस्ता आणि त्यांच्या प्रमुखाचा किल्लेवजा राजवाडा ही त्यांची कामगिरी. १५२२ साली सुलतान सुलेमानने मोठ्या वेढ्यानंतर शहर घेतले आणि पुढे १९१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे, ते उस्मानी अमलाखाली राहिले. मशिदी, हमाम आणि १७९३ चे हाफिज अहमद आगा यांचे ग्रंथालय ही त्या काळाची निशाणी. त्यानंतर इटली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस. १९२३ साली ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा रोड्स इटलीकडे असल्याने तेथील मुसलमान वाचले. त्यांची छोटी वस्ती आजही बेटावर आहे. १९८८ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

व्यापाराच्या पानासाठी यातील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तटाच्या आत आजही माणसे राहतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागच्या अंगणात दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी, ही तेथील रीत. तटाच्या आत शिरायला तिकीट नाही, तिकीट आहे ते राजवाड्याला. आणि तो राजवाडाही मूळचा नव्हे. १८५६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात मूळ वास्तू उद्ध्वस्त झाली, आजची इमारत इटालियनांनी १९३७ ते १९४० या काळात उभारली. तरी लोक येतात, कारण त्यांना जुन्या दगडांच्या सोबतीला जिवंत मोहल्ला पाहायला मिळतो, त्या मोहल्ल्यात झोपायला मिळते, तेथे जेवायला मिळते. पाहुणा रात्री राहिला की त्याचा पैसा दहा हातांत जातो. तो दोन तासांत परत फिरला की एक-दोन हातांत जातो. साऱ्या जुन्या शहरांच्या अर्थव्यवहाराचे मर्म एवढेच आहे.

आता आपल्या दाराकडे वळू. नवी मुंबईहून पेण, अलिबाग, रेवदंडा या मार्गाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेले की मुरूड लागते. मुरूडला लागूनच राजपुरी, आणि राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, चारी बाजूंनी पाण्यात, जंजिरा. हा शब्दच अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आलेला. प्रथम येथे रामपाटील या कोळी प्रमुखाचा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाहीच्या हबशी सरदारांनी घेतला आणि १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात आजचा दगडी किल्ला उभा राहिला. योगायोग पाहा, रोड्समधून बाहेर पडलेल्या त्याच ख्रिस्ती सरदारांनी माल्टा बेटावर व्हॅलेटा शहराचा पाया घातला तो १५६६ साली. भूमध्य समुद्रात आणि अरबी समुद्रात एकाच पिढीतले गवंडी बेटांभोवती तट बांधीत होते. फरक असा की रोड्स पडले, जंजिरा पडला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत भर घालून वाट काढण्याचाही प्रयत्न केला. सिद्दी टिकले ते थेट १९४८ पर्यंत, संस्थान विलीन होईपर्यंत.

या किल्ल्यात शहर होते, हे आज पाहणाऱ्याला सांगूनही पटत नाही. आत तीन मोहल्ले होते, दोन मुसलमानांचे व एक इतरांचा. मशीद होती, सुरूलखानाचा अनेक मजली वाडा होता, आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव होते, ते आजही आहेत. संस्थान गेले, पागोटे गेले, रोजगार गेला, आणि एकेक कुटुंब किनाऱ्यावर व पुढे मुंबईकडे सरकले. घरांच्या भिंतींवर पिंपळ उगवले. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित स्मारकात कोणी संसार थाटू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून रोड्सप्रमाणे तटाच्या आतला मोहल्ला जंजिऱ्यात पुन्हा वसणार नाही, हे मान्य करून पुढे जावे लागते. पण मोहल्ला नाहीसा झालेला नाही. तो पाणी ओलांडून अलीकडे आला आहे. राजपुरी, मुरूड, एकदरा, खोकरी, आगरदांडा हेच आज जंजिऱ्याचे जुने शहर होय. आमच्या मते पर्यटनाच्या योजना आखणारे नेमके हेच विसरतात. ते किल्ल्यावर खर्च करतात, आणि गावाकडे वाहनतळ म्हणून पाहतात.

हिवाळ्यातल्या कोणत्याही रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहावे. सकाळी दहापासून बसगाड्या लागतात. शिडाच्या होड्या माणसे भरून निघतात, दरवाज्याच्या पायऱ्यांशी लाटांवर हेलकावत उभ्या राहतात, आणि माणसांना हात धरून एकेक करून उतरवितात. वृद्ध आणि गुडघेदुखीची माणसे अनेकदा होडीतूनच परत येतात. आत गेलेल्यांना तीन पाऊण तासाच्या आत परतायचे असते, कारण दुसरी खेप थांबलेली असते. तेवढ्या वेळात कलाल बांगडी तोफेजवळ छायाचित्र, तलावात एक डोकावणे, दरवाज्यावरच्या हत्ती पकडलेल्या वाघाच्या शिल्पाकडे एक बोट, की संपले. बाहेर आल्यावर शहाळे किंवा कोकम सरबत. दुपारचे जेवण बहुतेक जण काशीद वा अलिबागेला घेतात, आणि रात्री पुन्हा खारघरच्या आपल्या घरी. होडीवाल्यांना काम मिळाले, सरबतवाल्याला मिळाले, वाहनतळवाल्याला मिळाले. गावातल्या मच्छीवालीला, पिठाच्या गिरणीला, रिक्षावाल्याला, सुपारीवाल्याला काय मिळाले? धूळ मिळाली.

जूनपासून पावसाळाभर होड्या बंद. रोड्सची गोष्टही अशीच अर्ध्या वर्षाची आहे. तेथे हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आपल्याकडे बरोबर उलटा, ऑक्टोबर ते मे. अर्ध्या वर्षाच्या धंद्यावर बारा महिने काढायचे असतील तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून गावात जास्त वेळ आणि जास्त खर्च व्हायला हवा. गर्दी वाढवून हे साधत नाही. किल्ल्याचे दरवाजे आणि होड्या तेवढ्याच आहेत. एक रात्र वाढवून मात्र साधते.

रात्र काढायची कोठे, हा पुढचा प्रश्न. मुरूडच्या किनाऱ्यावर लॉज आहेत, काशीदकडे रिसॉर्ट आहेत, त्यांची मालकी पुष्कळदा बाहेरची. आणि गावात शिरले की काय दिसते? कौलारू, ओटीची, मागे वाडी असलेली ऐसपैस घरे, आणि त्यांतील कितीएकांना कुलुपे. घरधनी कुवेत, दुबई, दोहा, नाहीतर पनवेल, तळोजा, नेरूळ. आखातात तीस-तीस वर्षे घाम गाळून मिळविलेला पैसा गावच्या घरात आला तो एका लग्नापुरता, रंगरंगोटीपुरता. नंतर तो नवी मुंबईतल्या सदनिकेत गेला, आणि दुसरी सदनिका घेतली ती भाड्याने दिली. कोणी म्हणेल, सदनिकेत काय वाईट? काहीच नाही. पण तळोज्यात तशा सदनिका हजारो आहेत, आणि जंजिऱ्यासमोरचे जुने घर नव्याने कोणालाही बांधता येणार नाही. ज्या मालाचा पुरवठा वाढूच शकत नाही, तो माल कुलपात ठेवून आपण ज्याचा पुरवठा रोज वाढतो आहे त्याच्यामागे धावतो. व्यापारी म्हणवून घेणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

कायदा येथे आडवा येतो असे अनेकांना वाटते. वास्तविक तो या बाबतीत जुन्या घराच्या बाजूचा आहे. किनारपट्टीवर नवे बांधकाम करणे अवघड आहे हे खरे. परंतु २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरील स्थानिक रहिवाशांना, घराचा जोता आणि दर्शनी रूप न बदलता, घरात पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे धनाढ्य माणसाला तेथे बंगला बांधायला अडचण, आणि आजोबांचे घर जसेच्या तसे राखणाऱ्याला मोकळीक. शासनाच्या पर्यटन विभागाची न्याहारी व निवास योजना आहे. २०२३ च्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात स्त्रियांना पर्यटन व्यवसायाच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठेवला आहे. व्याजाचे नाव निघताच आपल्यातले अनेक जण मागे सरतात. त्यांनी मागे सरावे, हरकत नाही. दोन खोल्या दुरुस्त करायला कर्ज लागतेच असे नाही, भावंडांची भागीदारी पुरते.

आणि खरी गाठ या भावंडांतच आहे. घराच्या उताऱ्यावर आजोबांचे किंवा वडिलांचे नाव. वारस सात. दोघे आखातात, एक बहीण कुर्ल्याला, एक म्हसळ्याला, धाकटा तळोज्याला. प्रत्येकाच्या वाट्याला कायद्याने जे काही येते ते येतेच, पण घर एकच आहे. विकायचे तर एकमत नाही, दुरुस्त करायचे तर एकाने पैसे का घालावे, आणि राहायचे तर कोणी राहात नाही. वाडवडिलांनी बांधलेली भिंत पावसाने पडत नाही, ती या 'का'ने पडते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा झोपल्या, छपरे उडाली. ज्या घरांत माणूस होता तेथे आठवड्याभरात ताडपत्री पडली. कुलुपातल्या घरांत सगळा पावसाळा आत आला.

यावर तोडगा अवघड नाही. वारसांनी आपापले हिस्से आधी कागदावर नोंदवावेत, वारसनोंद पुरी करावी. मग घर न वाटता, ठरावीक वर्षांसाठी चालविण्याचा करार एका भावंडाच्या किंवा गावातल्या नातेवाइकाच्या नावे करून तो नोंदवावा. दुरुस्तीचा पैसा ज्याने घातला त्याला तो आधी मिळावा, नंतरचा नफा हिश्शाप्रमाणे वाटावा, वर्षातून एक महिना घर साऱ्या कुटुंबासाठी मोकळे राहावे. एवढे चार मुद्दे तालुक्याचा कोणताही वकील एका दिवसात लिहून देतो.

आता हिशेब. येथे आम्ही वाचकांना मृगजळ दाखविणार नाही. समजा, दोन खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मे म्हणजे सुमारे ३५ आठवडे, शनिवार-रविवार धरून ७० रात्री, दोन खोल्यांच्या १४० रात्री. त्यांतल्या निम्म्या भरल्या तर ७०. एका रात्रीचे दोन हजार धरले, हा दर केवळ उदाहरणादाखल आहे, तर वर्षाला १ लाख ४० हजार. चादरी, वीज, सफाई, घर सांभाळणाऱ्याची मजुरी वजा जाता हातात फारसे उरत नाही. आखाताच्या पगाराची बरोबरी याने होणार नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. पण छप्पर दरवर्षी शाकारले जाते, गावातल्या एका घरात चूल पेटते, आणि मालमत्ता मरत नाही. जेवणाचा हिशेब यात धरलेलाच नाही, खरी कमाई तेथे आहे. कोकणी मुसलमानांच्या स्वयंपाकघरातले सांदण, तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणातले कालवण हे मुंबईच्या हॉटेलांत शोधून मिळत नाही. ते करणारे हात गावात आहेत, आणि त्यांना एका पैशाची मिळकत नाही.

घरोघर याला एक हरकत ऐकू येते. पाहुणे म्हणजे दारू, गोंगाट, आणि घरातल्या लेकीसुनांना संकोच. ही भीती खोटी नाही, किनाऱ्यावरचे रविवार ज्याने पाहिले आहेत तो ती हसण्यावारी नेणार नाही. परंतु याचे उत्तर घर बंद ठेवणे नव्हे. 'येथे मद्य चालणार नाही, फक्त कुटुंबांसाठी' असे स्वच्छ लिहून ठेवावे. अशाच जागेच्या शोधात असलेली कुटुंबे, केवळ मुसलमानच नव्हे, बेलापूरपासून ठाण्यापर्यंत पुष्कळ आहेत. पाहुण्यांची वाट आणि घरची वाट वेगळी ठेवणे जुन्या घरांत सोपे असते, पुढची ओटी आणि मागचे परसू त्यासाठीच तर बांधले होते.

दुसरी हरकत आम्ही स्वतःच घेतो. रोड्समध्ये सारे गोड नाही. भूमध्य समुद्रातल्या अशा जुन्या शहरांत मोठमोठी प्रवासी जहाजे एका सकाळी हजारो माणसे उतरवितात, ती संध्याकाळी निघून जातात. नित्याच्या किराणा दुकानाच्या जागी स्मृतिचिन्हांची दुकाने येतात. घरे पाहुण्यांना देणे इतके फायद्याचे होते की शिक्षक, परिचारिका, तरुण जोडपी यांना भाड्याने घर मिळेनासे होते. मुरूडवर ही वेळ आज नाही, पण उद्या येऊ शकते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला. रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेतले गेले आहे. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले आणि २०२४ मध्ये केंद्राने दिघीला औद्योगिक क्षेत्र मंजूर केले. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. विमानातून उतरलेला परदेशी पाहुणा दुसऱ्या दिवशी राजपुरीला येईल, अशी आमची कल्पना नाही. येणार तो जमीन शोधणारा दलाल. तो एकेका वारसाला वेगवेगळे गाठील, कारण सात वारसांचे भांडण हेच त्याचे भांडवल असते.

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी हे घडताना पाहिलेलेही आहे. बेलापूरचा किल्ला सिद्दींनीच बांधलेला. १७३३ साली चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, १८१७ साली इंग्रजांनी. १९७० नंतर त्याच्याभोवती शहर उठले, आणि बुरूज कोठे आहे हे आज शेजारच्या इमारतीतला माणूस सांगू शकत नाही. बसथांब्याच्या नावापुरता तो उरला. अलीकडे सिडकोने त्याच्या जतनाचे काम हाती घेतले. ज्या जुन्या जागेशी आजूबाजूच्या माणसांचा पोटाचा संबंध उरत नाही, ती अशीच विस्मरणात जाते.

किल्ल्यावर सांगितल्या जाणाऱ्या कथांविषयीही बोलले पाहिजे, कारण कथा हाही माल आहे. होडीत जे सांगितले जाते त्यात समुद्राखालचे भुयार असते, दारूच्या पिंपांत लपलेले सैनिक असतात, आणि सिद्दी म्हणजे एक क्रूर आकृती असते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आलेल्या माणसांनी समुद्रावर तीनशे वर्षांहून अधिक काळ सत्ता राखली, त्यांच्यातल्या याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईत इंग्रजांना कोंडून धरले, त्याची कबर पाच-सहा किलोमीटरवर खोकरीच्या घुमटांत आहे, हे कितीजण सांगतात? खोकरीकडे तर बसगाड्या वळतच नाहीत. दुसऱ्या बाजूला, मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसणारा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधला. या दोन किल्ल्यांची गोष्ट एकत्र सांगितली तरच ती पुरी होते, आणि एकत्र दाखविली तर आपोआप दोन दिवसांची होते. रोड्समध्ये सरदारांचा रस्ता आणि सुलेमानची मशीद एकाच फेरीत दाखवितात, कोणाचे काही बिघडत नाही. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांत अलिबागजवळचा खांदेरी आहे. जंजिरा त्यात नाही, कारण तो मराठ्यांचा कधी नव्हताच. यावरून रुसण्यात अर्थ नाही. खांदेरीला येणारा माणूस मुरूडच्या वाटेवरच आहे.

वाटेत चौल-रेवदंडाही आहे. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी या किनाऱ्यावर आला, तेव्हा सैमूर म्हणजे चौल येथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने पाहिली. तेथील पोर्तुगीज तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मुरूडच्या वर फणसाडचे अभयारण्य आहे, ते पूर्वी नवाबांचे शिकारीचे रान होते. एका रात्रीला पुरेल एवढे काय आहे, असे विचारणाऱ्याला हे सांगावे.

शासनाकडून काय हवे ते थोडक्यात. किल्ल्याजवळ धक्का बांधण्याचे काम हाती घेतले आहे, ते पुरे व्हावे, म्हणजे वृद्धांना आत जाता येईल. मात्र शिडाच्या होड्यांच्या सोसायट्यांना त्यात वाटा राहिला पाहिजे. मोठ्या यांत्रिक नावांचा ठेका बाहेरच्या कंपनीला गेला तर आज जे मिळते तेही जाईल. राजपुरीत स्वच्छतागृहे हवीत, आणि वाटाड्यांना शिकवून परवाने हवेत.

बाकीचे आपल्या हातात आहे, आणि त्याला मुहूर्तही ठरलेला आहे. कौले शाकारायची ती मे महिन्यातच, पावसाच्या आधी. त्याच महिन्यात शाळा बंद असतात, आखातातले सुटीवर येतात, लग्ने निघतात, आणि सातही वारस पंधरा दिवस एका गावात असतात. वारसनोंदीचा अर्ज आणि कराराचा मसुदा मुरूडला जाताना पनवेलहूनच बरोबर न्यावा.